डोहाळजेवणाच्या पोटातलं तेरावं

मित्रांनो, मी फाईल आहे एवढं नक्की. जुनी आहे हेही नक्की. त्याच्यापुढे मात्र माझाच माझ्याबद्दल फार गोंधळ आहे. तुमचं बरं असतं. बारशाला एक नाव ठेवलं की ते शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत पुरतं. माझं बाहेरचं नाव एक, पानावरचं दुसरं आणि पोटातलं तिसरं. त्यात हे पोटातलं नाव कितीतरी वर्षं माझं मलाच माहीत नव्हतं. आता फाईलला पोट कुठून आलं, ते सांगते. घाई करू नका.

माझा जन्म सदाशिव पेठेतला, तळमजल्यावरच्या फ्लॅटमधला. तिथे श्रीनिवासराव आणि कुसुमताई राहतात. श्रीनिवासराव बँकेत कारकून होते. त्यांच्या पुतण्याने, आमोदने, नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना काकांना भेट दिला. भेट म्हणजे काय, तर त्याला तो टाकायला जागा सापडेना. त्याच सुमारास कुसुमताईंनी घरगुती स्वयंपाकाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. पहिलीच ऑर्डर आली ती तेराव्याची. एका घरी कोणीतरी गेलं होतं, तेराव्या दिवशी गोडाचं जेवण घालायचं होतं, आणि काय काय करणार ते त्या लोकांना लेखी हवं होतं. श्रीनिवासराव कॉम्प्युटरपुढे बसले. दोन बोटांनी टकटक करत त्यांनी खीर, वडे, आमसुलाची चटणी असं लिहून काढलं आणि मी जन्माला आले.

मला पहिल्यांदा सेव्ह करताना पडद्यावर एक चौकट उघडली. शीर्षक काय, विषय काय, शेरा काय, असे रकाने होते त्यात. दुसऱ्या कोणी ती सरळ बंद केली असती. पण श्रीनिवासरावांनी उभ्या आयुष्यात रिकामा रकाना सोडलेला नाही. बँकेत लोकांच्या स्लिपा ते याच कारणावरून परत करायचे. त्यांनी सगळं भरलं. शीर्षकात लिहिलं, 'तेराव्याचा स्वयंपाक'. शेऱ्यात काय लिहिलं ते नंतर सांगते, कारण ते आत्ता सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही. लेखकाच्या रकान्यात मशीनने आपलं आपणच 'आमोद' घालून ठेवलं होतं. म्हणजे ज्याने मला कधी डोळ्यांनी पाहिलं नाही तो माझा बाप, आणि ज्यांनी टकटक केलं ते कोणीच नाहीत. हे सगळं मला फार पुढे कळलं, आणि माझ्या डोक्याचा भुगा झाला.

पुढे आमोद एकदा आला आणि "काका, ही चौकट कशाला हवी?" म्हणत त्याने ती कायमची बंद करून टाकली. चौकट गेली, पण आत लिहिलेलं माझ्या पोटात तसंच राहिलं. कॉम्प्युटरवाले या पोटातल्या मजकुराला प्रॉपर्टीज म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, आपल्या नावावर कोथरूडला एखादा फ्लॅट असेल. तसं काही नसतं.

तेराव्याचं जेवण लोकांना आवडलं. जेवून हात धुताना दोघातिघांनी ताईंचा नंबर घेतला, आणि मुंजीची ऑर्डर आली. कुसुमताई म्हणाल्या, "अहो, मुंजीचं लिहून द्या. नवीन फाईल करा."

"नवीन कशाला?" श्रीनिवासराव म्हणाले. "हिचा समास जमलाय. मराठी अक्षर जमलंय. तुझं नाव वर मधोमध बसलंय. ते परत बसवायला माझा रविवार जातो."

म्हणून त्यांनी मला उघडलं, तेराव्याचा मजकूर पुसला, मुंजीचा लिहिला आणि वेगळ्या नावाने सेव्ह केलं. जो माणूस आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरतो, तो चांगली फाईल काय सोडणार? मुंजीची साखरपुड्याला, साखरपुड्याची साठीशांतीला, साठीची मंगळागौरीला. दर वेळी पान नवं, नाव नवं, पोट जुनं. एकीच्या मी कितीतरी झाले. आता यातली खरी मी कोणती, पहिली की शेवटची, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सांगता आलं तर कळवा.

एकदा तर त्यांनी माझ्यात सोसायटीची नोटीस लिहिली. 'जिन्यात काढून ठेवलेल्या चपलांची जबाबदारी सोसायटी घेणार नाही. सोबत मठ्ठा व जिलबी.' खालची ओळ आधीच्या लग्नाची होती, पुसायची राहून गेली. नोटीस लागली त्याच दिवशी वरच्या मजल्यावरचे दोघे जण खाली आले आणि जिलबी किती वाजता आहे म्हणून विचारून गेले. चपला जिन्यातच राहिल्या.

तरी माझं चांगलं चाललं होतं. मी कागदावर छापून जायचे आणि कागदावर फक्त पान दिसतं, पोट दिसत नाही. लोक म्हणायचे, "काय सुबक लिहिलंय." मला बरं वाटायचं. मध्ये श्रीनिवासरावांचा खांदा धरला तेव्हा ताई ऑर्डरी तोंडीच घ्यायला लागल्या आणि मी बरेच महिने अंधारात पडून होते. कोणी उघडेना, कोणी पुसेना. तेव्हा वाटायचं, कोणीतरी निदान चपलांची नोटीस तरी लिहा.

आणि मग कौशल्याबाई आल्या.

कौशल्याबाई कर्वेनगरच्या. मूळच्या यवतमाळकडच्या, पुण्यात येऊन जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच. त्यांची सून राजनंदिनी, तिला सातवा महिना लागला होता. आधी एकदा त्या घरात पाळणा येता येता राहिला होता. तेव्हापासून कौशल्याबाई इतक्या धास्तावल्या होत्या की घरात नवं काळं फडकंसुद्धा येऊ देत नव्हत्या. पण डोहाळजेवण त्यांना थाटात करायचं होतं. त्यांनी ताईंच्या हातचं कुठेतरी खाल्लं होतं. आल्या, पंख्याखाली बसल्या आणि म्हणाल्या, "सगळं पोरीच्या आवडीचं करा जी ताई. आणि लिहून तिच्या मेलवर पाठवा. ती घरूनच काम करते, बघून सांगेल तुम्हाला."

मेलवर जायची माझी ती पहिलीच वेळ. श्रीनिवासरावांनी मंगळागौर पुसली, वर 'सौ. राजनंदिनी हिचे डोहाळजेवण' असं लिहिलं, खाली ओल्या नारळाच्या करंज्या, अळूवडी, मसालेभात, श्रीखंड. पीडीएफ करून पाठवून दिलं. मला तर वाटलं, आपण नटूनथटून चाललोय.

तासाभरात फोन वाजला. ताईंनी तो स्पीकरवर टाकला, कारण हाताला कणीक होती.

"कुसुमताई, हे काय पाठवून राहिले तुम्ही?"

"का हो? करंज्या नको का?"

"करंज्यांचं नाही म्हणत मी. वर तेरावं लिहिलं आहे. माझ्या सुनेच्या नावाच्या डोक्यावर तेरावं लिहिलं आहे."

ताईंचे कणकेचे हात तसेच वर राहिले. श्रीनिवासराव उठले, मला उघडलं, चष्मा कपाळावर घेतला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. मला छापलं, कागद खिडकीशी धरला. उलटूनही बघितला.

"कुठंय तेरावं? मला तर दिसत नाही."

"त्यांना दिसतंय ना पण."

"मग त्यांनी डोळे तपासून..."

"अहो, फोन चालू आहे."

खरं म्हणजे दोघंही बरोबर होते. श्रीनिवासराव माझं पान बघत होते. राजनंदिनीच्या कॉम्प्युटरवर मात्र पीडीएफ उघडलं की सगळ्यात वरच्या पट्टीत फाईलचं नाव न येता पोटातलं शीर्षक यायचं. खाली 'डोहाळजेवण' आणि वर ठळक 'तेराव्याचा स्वयंपाक'. हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मीही त्यांच्याइतकीच बावचळले होते. मला वाटलं, पलीकडे दुसरीच कोणीतरी पोचली.

श्रीनिवासरावांनी माझं नाव बदलून 'शुभ डोहाळजेवण' केलं आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा फोन आला. तेरावंच. मग त्यांनी 'शुभ डोहाळजेवण नवीन' केलं, पानावर वर एक 'श्री' घातला आणि पुन्हा पाठवलं. नाव बदललं की मी बदलले असं मलाही वाटलं होतं. पण दारावरची पाटी बदलून घरातली माणसं बदलत नाहीत.

तिसऱ्या फोनला कौशल्याबाई चिडल्या नाहीत. आवाज अगदी खाली गेला होता.

"एकदा आलं असतं तर चूक म्हटली असती, ताई. तीनदा आलं. राहू द्या आता. स्वयंपाकही नको आणि कार्यक्रमही नको. सुखरूप सुटू दे पोरगी, बस."

मागून राजनंदिनीचा आवाज आला. "आई, अहो फुलांचे दागिने सांगून झालेत माझे."

"फुलवाल्याला नाही म्हणून सांगू."

फोन बंद झाला. ताई कणकेच्या परातीपुढे तशाच बसून राहिल्या. ऑर्डर गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही, ऑर्डरी येतात जातात. मागच्या खेपेला जिला नटायलाच मिळालं नाही, ती पोर याही खेपेला तशीच राहणार, तेही आपल्या घरून गेलेल्या फाईलमुळे, हे त्यांना लागलं. श्रीनिवासराव मला अँटीव्हायरस लावत बसले. त्याने सांगितलं, सगळं ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी राजनंदिनीचा फोन आला. "काकू, मूळ फाईल तुमच्याकडे आहे ना? मला काय झालंय ते कळलंय, पण आईंना नुसतं सांगून पटत नाही. आणि ती फाईल त्या आता घरात येऊ देत नाहीत. मीच येते त्यांना घेऊन."

दोघी रिक्षाने आल्या. कौशल्याबाई दाराजवळच्या खुर्चीवर कॉम्प्युटरकडे पाठ करून बसल्या. पाण्याचा पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत. राजनंदिनी माझ्यापुढे बसली. पोट टेबलाला टेकत होतं म्हणून तिने खुर्ची जरा तिरकी केली. श्रीनिवासराव तिच्या मागे उभे राहिले.

"काका, हे इन्स्पेक्टर म्हणून एक असतं," ती म्हणाली. "फाईलच्या आत काय काय राहून गेलंय ते शोधून दाखवतं."

इन्स्पेक्टर म्हटल्यावर श्रीनिवासरावांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. बँकेची सवय.

मित्रांनो, त्या मुलीला गेले कित्येक महिने डॉक्टर आत डोकावून तपासत होते. त्या दिवशी तिने मला तपासलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू. तिने माहितीचं पान उघडलं आणि एकेक रकाना वाचायला लागली.

"हे बघा. शीर्षक, तेराव्याचा स्वयंपाक. लेखक, आमोद. हा कोण?"

"माझा पुतण्या. त्याचा काय संबंध?"

"मशीन त्याचं होतं ना, म्हणून. आणि ही फाईल तेव्हापासून तीच वापरताय तुम्ही. वरचं पान पुसलंत, आतलं कधी पुसलंच नाहीत. आई, ऐकलंत ना? जुन्या फाईलचं जुनं नाव आहे. कोणी काही केलेलं नाही."

मला मात्र धक्काच बसला. म्हणजे इतक्या मुंजी, इतकी लग्नं मी पोटात तेरावं घेऊन करून आले?

कौशल्याबाई मान न वळवता म्हणाल्या, "समजलं मला. जुनी फाईल, जुनं नाव. अडाणी नाही मी. पण मनातून जाऊन नाही राहिलं, त्याला काय करू?" मग त्यांनी विचारलं, "कुणाचं होतं जी ते तेरावं?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. त्या अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाल्या, "गोदाबाईंचं."

"कोण गोदाबाई?"

"आमच्या पेठेतल्या. सुईण होत्या. भरल्या घरातून गेल्या. अर्धी पेठ त्यांच्या हातावर जन्माला आलीय म्हणा ना."

याच वेळी राजनंदिनीने खाली 'सगळं दाखवा' असं दाबलं आणि शेऱ्याचा रकाना उघडला. त्यात श्रीनिवासरावांनी त्या काळी काय लिहून ठेवलं होतं? 'मयत बद्रीनाथ. दोन्ही मुलगे एकमेकांशी बोलत नाहीत, पंगती लांब बसवणे. स्वभाव मयतासारखाच. वडे दुसऱ्यांदा वाढू नयेत.'

राजनंदिनीने ते मनातल्या मनात वाचलं. पुन्हा वाचलं. खालचा ओठ दातांत धरला.

श्रीनिवासराव तिच्या खांद्यावरून वाकले. "गोदाबाई? अगं, हे तेरावं तर ब..."

"अहो, गॅसवर दूध आहे, बघा जरा," ताई म्हणाल्या.

ते गेले. गॅसवर दूध नव्हतं. गॅससुद्धा चालू नव्हता. ते तिथेच शेगडीपुढे उभे राहिले, कारण परत यायचं की दूध आणायचं, हे त्यांना कळेना. मी त्यांना पूर्ण समजू शकते.

कौशल्याबाईंनी आता खुर्ची ताईंकडे वळवली होती. "खूप बाळंतपणं केली असतील जी त्यांनी?"

"मोजलीत कोणी?"

"आणि कोणाचं काही... म्हणजे एखादं..."

"एकही नाही," ताई म्हणाल्या. "त्यांच्या हातचं एकही वाया गेलं नाही."

हे म्हणून त्या कोरडे हात पुन्हा पदराला पुसायला लागल्या. मला वाटतं, एवढं मोठं बोलायचं त्यांच्याही मनात नव्हतं. पण समोर बसलेल्या बाईला तेवढंच हवं होतं. कौशल्याबाई उठल्या, माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी लांबूनच हात जोडले. मला कोणी नमस्कार करायची ही पहिलीच वेळ. तो गोदाबाईंच्या वतीने घ्यावा की बद्रीनाथांच्या, हे मला कळेना.

"दाखव बरं मला," त्या सुनेला म्हणाल्या आणि चालायला लागल्या. "कुठे आहे त्यांचं नाव?"

पडद्यावर ठळक अक्षरांत बद्रीनाथ होते. पंगती होत्या, भांडणं होती, वडे होते. राजनंदिनीने मान वर करून ताईंकडे बघितलं. ताईंनी तिच्याकडे बघितलं. कौशल्याबाई टेबलाशी पोचायच्या आत तिने इन्स्पेक्टरला 'सगळं काढा' म्हणून सांगितलं आणि सेव्ह केलं.

मित्रांनो, पोट एकदम रिकामं झालं की कसं वाटतं ते शब्दांत नाही सांगता येत. शीर्षक नाही, लेखक नाही, शेरा नाही. आमोद गेला, बद्रीनाथ गेले. मी क्षणभर कोणीच नव्हते.

"आता नाही दिसणार, आई. पुसलं मी."

"काहून पुसलं? एवढ्या पुण्यवान बाईचं नाव पुसतात का?" कौशल्याबाई खरोखर नाराज झाल्या. "लिही परत."

राजनंदिनीने पुन्हा रकाने उघडले. शीर्षकात 'राजनंदिनीचं डोहाळजेवण' असं लिहिलं. लेखकाच्या रकान्यात 'कुसुमताई' असं लिहिलं. मग शेऱ्यात, सासूबाई शेजारी उभ्या राहून अक्षर न् अक्षर वाचत असताना, तिने लिहिलं, 'गोदाबाई सुईण यांचे आशीर्वाद.'

"फुलवाल्याला फोन कर," कौशल्याबाई म्हणाल्या. आणि मग पाणी प्यायल्या.

त्या गेल्यावर श्रीनिवासराव स्वयंपाकघरातून बाहेर आले. "गोदाबाई कोण गं?"

"होत्या," ताई म्हणाल्या.

"आपल्या पेठेत?"

"बटाटे सोलायचेत. सोलता का?"

डोहाळजेवण थाटात झालं. मी तिथे नव्हते, फाईलला कोण बोलावतं? पण ताई रात्री पाय दाबत सांगत होत्या, की फुलांच्या मुकुटात ती पोर अशी काही दिसत होती, आणि कौशल्याबाईंनी तिची दृष्ट काढताना डोळे पुसले. नंतर दिवस भरल्यावर सगळं सुखरूप झालं. मुलगी झाली. कौशल्याबाई पेढे घेऊन आल्या, एक पुडा ताईंना दिला आणि दुसरा कॉम्प्युटरपुढे ठेवला. तो श्रीनिवासरावांनी संपवला.

आता तुम्हाला एक कळकळीची विनंती. आपली कोणतीही फाईल दुसऱ्याकडे पाठवण्याआधी तिचं नुसतं पान बघू नका, पोटही बघा. शीर्षक कोणाचं आहे, लेखक म्हणून कोण बसलाय, शेऱ्यात काय पडून आहे, ते तपासा. चुकलेलं असेल ते बदला, शिळं असेल ते काढून टाका. आम्हाला स्वतःला ते करता येत नाही, कोणी उघडून बघेपर्यंत आम्हाला ते माहीतही नसतं. आणि कोणाच्या आत डोकावायची वेळ आलीच, तर दिसलेलं सगळं मोठ्याने वाचू नका. राजनंदिनीने शेरा मोठ्याने वाचला नाही.

बाकी माझा गोंधळ काही मिटलेला नाही. पण आता त्या घरातली छोटी मोठी होऊन कधी विचारायला आली, तर एवढं मी छातीठोकपणे सांगेन, की गोदाबाई सुईण होत्या. तसं माझ्यात लेखी आहे.